बरोबर कुठलं ते सांग ना

मागच्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल, बाहेर नाशिकचा तो भुरभुर पाऊस जो धड पडतही नाही आणि थांबतही नाही, खुर्च्यांच्या पाठींवर मोजे वाळत घातलेले, घरभर तो ओलसर वास. धाकटा तिसरीत गेलाय, आठ वर्षांचा. रोज संध्याकाळी डायनिंग टेबलवर दहा शब्दांचं शुद्धलेखन घ्यायचं असं मी ठरवलं होतं, कारण दुसरीच्या शेवटी त्याच्या वेलांट्या पार भरकटल्या होत्या. मी शब्द सांगणार, तो लिहिणार, मग मी लाल पेनाने तपासणार. पहिल्या दिवशी दहातले सात चुकले. त्यात एक शब्द होता परिस्थिती, त्याने लिहिलं होतं 'परीस्थीति'. मी गोल केला, बाजूला शब्द नीट लिहून दिला, पाच वेळा काढ म्हटलं, त्याने काढला. दुसऱ्या दिवशी परत तेच दहा शब्द घेतले, सहा चुकले, आणि परिस्थितीवर परत गोल. तोपर्यंत माझा पारा चढलेला, ऑफिसातून येऊन पाऊण तास झालेला, कुकरची शिट्टी होत नव्हती आणि मी म्हटलं, अरे कालच पाच वेळा लिहिलास ना हा शब्द, लक्ष असतं कुठे तुझं. तो वहीकडे बघत राहिला, खोडरबर अंगठ्याने दाबत होता, आणि मग अगदी हळू म्हणाला, "आई, ह्याच्यातलं बरोबर कुठलं ते सांग ना."

मी म्हटलं, बरोबर असतं तर गोल केला असता का मी.

शिट्टी झाली, मी उठले, विषय संपला. म्हणजे माझ्यापुरता संपला.

रात्री त्याचं दप्तर भरताना ती वही परत हातात आली. दोन्ही दिवसांची पानं समोरासमोर होती. पहिल्या दिवशी 'परीस्थीति', दुसऱ्या दिवशी 'परिस्थीती'. मी किती तरी वेळ बघत उभी होते. तीन वेलांट्यांचा शब्द आहे, पहिल्या दिवशी तिन्ही चुकल्या होत्या, दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोन त्याने सुधारल्या होत्या, रि पहिली, ती दुसरी, फक्त मधली स्थि तेवढी राहिली होती. एका दिवसात तीनपैकी दोन. आणि माझ्याकडून त्याला काय मिळालं तर तोच गोल, तेवढाच मोठा, तेवढाच लाल, आणि वर बोलणी. त्याच्या बाजूने विचार केला तर त्याने काहीही केलं असतं, एक सुधारली असती, दोन सुधारल्या असत्या किंवा एकही नसती सुधारली, तरी गोल येणारच होता. मग त्या गोलातून त्याने शिकायचं काय? कदाचित त्याला वाटलंही असेल की काल बदललेल्या त्या दोन वेलांट्याच चुकल्या. तिसऱ्या दिवशी त्याने त्या परत फिरवल्या असत्या तर मी त्याला निष्काळजी म्हटलं असतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. मी काही मेंदूतज्ज्ञ नाही, पण मिळेल ते वाचत गेले, आणि त्यात नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचं 2008 सालचं एक संशोधन सापडलं, एव्हेलिन क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. त्यांनी आठ-नऊ वर्षांची मुलं, अकरा ते तेरा वर्षांची मुलं आणि अठरा ते पंचवीसची तरुण मंडळी असे तीन गट घेतले, एमआरआय मशीनमध्ये झोपवून त्यांना एक नियम शोधायचा खेळ दिला, बरोबर केलं की एक खूण, चुकलं की दुसरी. मेंदूच्या पुढच्या आणि वरच्या भागातले जे हिस्से आपण विचार करून वागणं बदलतो तेव्हा कामाला लागतात, ते मोठ्यांमध्ये 'चुकलं' ही खूण आल्यावर जास्त जागे होत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांमध्ये नेमकं उलट, 'बरोबर' आलं की जागे, 'चुकलं' आलं की जवळजवळ ढिम्म. आणि अकरा ते तेराच्या गटात या हिश्शांमध्ये दोन्ही खुणांना फारसा फरकच दिसला नाही, म्हणजे पारडं साधारण त्या वयात फिरत असावं. आता हे सगळं सरासरीचं बोलणं आहे, प्रत्येक पोर तसंच असेल असं नाही, आणि हे मेंदू पिकण्यामुळे होतं की अनुभवामुळे की दोन्हींमुळे याचा निकाल त्या एका अभ्यासाने लागत नाही. पण मला ते वाचताना आमच्या टेबलवरचा तो खोडरबर दाबणारा अंगठाच दिसत होता. बरोबर कुठलं ते सांग ना. त्याने माझ्याकडे लाड मागितलेच नव्हते, शिकायला जे लागतं तेच मागितलं होतं.

आणि विचार केला तर ते सरळच आहे. 'बरोबर' म्हणजे आत्ता केलंस तेच परत कर, एवढं सोपं. 'चुकलं' म्हणजे आत्ता केलंस ते सोड, मग काय काय शक्यता उरल्या त्या आठव, त्यातली एक निवड, आधी काय करून बघितलं होतं तेही ध्यानात ठेव. हे सगळं एकदम डोक्यात धरायला मेंदूचा जो पुढचा भाग लागतो तो विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो म्हणतात. आठ वर्षांच्या मुलाला आपण लाल गोल देतो तेव्हा आपल्याला वाटतं आपण माहिती दिली. त्याच्यापर्यंत मात्र आईचा आवाज चढलाय एवढंच पोचत असणार.

थोरलीचं बरोबर उलटं आहे. ती आता तेराची होईल, चार वर्षं झाली तबला शिकतेय. परवा आतल्या खोलीत रियाज चालला होता, 'धा धा तिट धा धा तूना', आणि त्यात तिरकिट भरून, मी भाजी निवडता निवडता ऐकत होते आणि मला खरंच फार छान वाटलं म्हणून दारात जाऊन म्हटलं, काय सुंदर वाजवतेस गं. तर ती हात न थांबवता म्हणाली, "आई सुंदर नको सांगू, लय कुठे पळाली ते सांग." मला सांगता आलं नाही. मला कळतच नाही ते. तिच्या सरांना कळतं. क्लासला सोडायला जाते तेव्हा मी दाराबाहेरच्या बाकावर बसते, सर फार बोलत नाहीत, डोळे मिटून मांडीवर बोट आपटत ताल धरतात, आणि तिरकिटात 'ति' दबला की त्याच क्षणी म्हणतात "ति". बस. आणि समेवर नीट आली की "हां". तो 'हां' अर्ध्या मात्रेनेही उशिरा येत नाही. मैफिलीत चांगला श्रोता दाद देतो ना, जागा घेतल्या घेतल्या, गाणाऱ्याचा श्वास अजून सुटलेलाही नसतो तोवर, तसा. मी बाहेर बसून विचार करते की आपल्याकडे शिकवण्याची एवढी बारीक कला आहे, एका अक्षराची शाबासकी, नेमक्या जागेवर पडणारी, आणि आपण शाळेच्या वहीत आठ दिवसांनी एक भली मोठी सही मारून देतो.

एका घरात दोन पोरं आहेत, एकाला बरोबर काय ते हवंय, एकीला चुकलं काय ते. आणि मी दोघांना उलटंच देत होते.

माझं स्वतःचं शिकणं आठवायला लागलं की मला पहिल्यांदा आठवते ती भाकरी. आम्ही बार्शीचे, शाळूची ज्वारी, घरात दोन्ही वेळा भाकरी. मी नऊ-दहा वर्षांची असताना आई शेवटच्या पिठाचा लहानसा गोळा माझ्यासाठी ठेवायची, चानकीला, म्हणजे छोट्या भाकरीला. आधणाचं पाणी घालून पीठ तळहाताने रगडायचं, अगदी हाताला चटका बसतो तेव्हापासून ते गार होईपर्यंत, नाहीतर काठ फाटतात. मग परातीत खाली पीठ भुरभुरायचं आणि थापायला घ्यायची. थापताना भाकरी परातीत फिरली पाहिजे. आता हे फिरणं म्हणजे काय हे कुणी लिहून सांगू शकत नाही, बोटं वरून चापट मारतात आणि भाकरी आपली आपण गरागरा फिरते, आणि जिथे पीठ कमी पडलं तिथे ती अडते, हाताला लगेच कळतं अडली म्हणून. आई शेजारी बसून स्वतःच्या कामात असायची, पण भाकरी फिरली की म्हणायची "हां, फिरली". अडली की काही म्हणायची नाही. मी तिच्याकडे बघायचे, ती माझ्या भाकरीकडे बघत असायची, एवढंच. मग तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं, ते सुकत आलं की उलटायची, आणि मग तवा उतरवून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला उभी लावायची. आणि ती फुगते की नाही ते बघत बसायचं. जिथे जाड राहिलीय तिथे पापुद्रा सुटत नाही, तिथेच बसून राहते, बाकीची टम्म. म्हणजे कुठे बोट कमी पडलं ते ती भाकरीच दाखवायची, जागेसकट, पाच मिनिटांच्या आत. आणि फुगली की आई ओरडायची, "फुगली गं फुगली", जशी काही तिच्याच आयुष्यातली पहिली भाकरी. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असली तर मात्र माझ्याकडून काही केल्या जमायचं नाही, तेव्हा ती सांगायची, ही तुझी चूक नाही, पिठाची विरी गेलीय. हे तिचं सांगणं मला अजून महत्त्वाचं वाटतं. चुकण्यातलं आपलं कुठलं आणि आपलं नसलेलं कुठलं हे तिने वेगळं करून दिलं होतं.

मला आजही भाकरी उत्तम येते. गणित येत नाही. गणिताची वही आठ दिवसांनी यायची, साठ वह्या एकट्या बाईंनी तपासलेल्या, तोवर मी ते उदाहरण का तसं सोडवलं होतं हे माझं मलाच आठवायचं नाही. बाईंना मी दोष देत नाही, साठ पोरं होती. पण शिकणाऱ्या मेंदूला आपण काय केलं आणि त्याचं काय झालं या दोन गोष्टींची गाठ मारावी लागते, आणि मधे आठवडा गेला की ती गाठ मारायला दोराच उरत नाही.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आठवण मात्र वेगळी आहे, ती लिहू की नको असं चाललं होतं. मी चौथीत, 1994 साल. तेव्हा स्कॉलरशिपची परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची, पुढे ती पाचवी-आठवीला गेली. अण्णा म्हणाले होते, स्कॉलरशिप मिळाली तर घड्याळ. मी त्या घड्याळासाठी अभ्यास केला हे खरं आहे, पहाटे उठून केला, आईच्या चुलीशेजारी बसून. आणि मिळाली. त्यानंतर रोज संध्याकाळी अण्णा कोर्टातून आले की अंगणात सायकलचं स्टँड लावल्याचा खाट्कन आवाज यायचा, आणि त्या आवाजासरशी माझ्या पोटात काहीतरी उसळायचं. मी धावत जायचे, त्यांची नायलॉनची पिशवी घ्यायचे, त्यात भाजी असायची, कधी औषधं असायची. आणि ती उसळी जिथून आली होती त्याच्याही खाली काहीतरी जायचं. असं किती दिवस चाललं सांगता येणार नाही, पण आवाज अजून कानात आहे. त्या वर्षी आत्याचं लग्न निघालं होतं, पैशांची काय ओढाताण असेल ते आज कळतं. अण्णा कधी त्याबद्दल बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

पुष्कळ वर्षांनी मी वुल्फ्रम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांबद्दल वाचलं आणि वाचता वाचता थांबले. माकडांच्या मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींचा अभ्यास होता. माकडाला ज्यूसचा थेंब मिळाला की त्या पेशी उसळायच्या. मग थेंबाच्या आधी एक दिवा लावायला सुरुवात केली, दिवा लागला की थोड्या वेळाने ज्यूस. काही दिवसांत झालं असं की पेशी ज्यूसला उसळायच्या थांबल्या, त्या दिव्यालाच उसळायला लागल्या, ज्यूस आला तरी शांत कारण तो येणारच होता. आणि एखाद्या वेळी दिवा लागून ज्यूस आलाच नाही तर, ज्या क्षणाला तो यायला हवा होता बरोबर त्याच क्षणाला, त्या पेशी नेहमीच्या पातळीच्याही खाली जायच्या. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्याबरोबर 1997 साली त्यांनी याचा अर्थ लावला, की या पेशी सुख मोजत नाहीत, फरक मोजतात, जेवढं अपेक्षित होतं आणि जेवढं मिळालं त्यातला फरक. जास्त मिळालं की उसळी, तेवढंच मिळालं की शांत, कमी मिळालं की खाली. आणि शिकणं त्या फरकातून होतं. डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन असं जे व्हॉट्सॲपवर फिरत असतं ते फार ढोबळ आहे. मला तर ते वाचताना फक्त सायकलचं स्टँड ऐकू येत होतं. दिवा तोच होता माझा. आणि रोज संध्याकाळी मी एक गोष्ट शिकत होते, जी अण्णांना शिकवायची नव्हती.

घड्याळ आलं पुढे, बारावीत, चांगलं होतं. मला काही वाटलं नाही. ते न वाटणंच मला जास्त लागलं होतं तेव्हा, अण्णा एवढ्या हौसेने पट्टा बांधत होते.

अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये छापलेला एक प्रयोग याच्याशी जोडून वाचावा असा आहे. तीन ते पाच वर्षांची अठ्ठावीस मुलं, त्यांना आधी सांगितलं, थांबलात तर चांगले रंग आणून देते. निम्म्यांना आणून दिले, निम्म्यांना बाई परत येऊन म्हणाली, सॉरी, नाहीयेत. मग सगळ्यांना तो मार्शमेलोचा, म्हणजे एका मऊ गोड मिठाईचा, खेळ दिला, आत्ता एक खा किंवा थांब आणि दोन घे. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, ज्यांचा मोडला होता ती तीन मिनिटं. आपण मुलांना उतावीळ म्हणतो, संयम नाही म्हणतो. त्या बिचाऱ्यांनी तर हिशेब अगदी बरोबर केला होता.

माझ्याही घरात फ्रिजवर चार्ट होता. दोन वर्षांपूर्वी, धाकटा सहाचा असताना. सोनेरी स्टारचे स्टिकर आणले होते, दात घासले की स्टार, बूट जागेवर ठेवले की स्टार, दहा झाले की आइस्क्रीम. आणि खोटं कशाला सांगू, दातांसाठी तो चार्ट चालला. दात घासण्यात मुळात कुणालाच गोडी नसते, तिथे स्टारने काही बिघडलं नाही, आता सवय लागलीय, स्टार कधीच गेले. पण मी त्यात चित्रंही घातली. तो चित्रं फार काढायचा, बहुतेक एसट्या, पेपरच्या कोऱ्या कडेला, बिलांच्या पाठीवर, प्रत्येक एसटीला पाटी असायची नाशिक-पुणे, नाशिक-बार्शी, खिडकीत एक एक डोकं, मागे धूर. मला कौतुक वाटलं म्हणून मी म्हटलं, चित्र काढलं की पण स्टार. त्या रविवारी त्याने एका दमात दहा चित्रं आणून दिली. चार रेघांच्या एसट्या, खिडक्या नाहीत, पाटी नाही, दोन-तीनना तर चाकंही नाहीत. दहा स्टार घेतले, आइस्क्रीम खाल्लं. पुढे मी चार्ट काढून टाकला आणि मग कितीतरी आठवडे पेपरच्या कडा कोऱ्याच होत्या.

हे अगदी असंच 1973 साली स्टॅनफर्डच्या बालशाळेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी दाखवलं होतं, हे मला नंतर कळलं. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडायचं अशीच मुलं त्यांनी निवडली, तीन ते पाच वर्षांची, एक्कावन्न. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सर्टिफिकेट, सोनेरी शिक्का आणि लाल रिबीन असलेलं. काहींना न सांगता नंतर अचानक तेच सर्टिफिकेट दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन नुसते ठेवून दिले आणि आरशाच्या काचेमागून बघितलं. सर्टिफिकेट कबूल केलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ त्या पेनांकडे फिरकली, आणि बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रंही हलकी उतरली होती. अचानक मिळालेल्यांचं काहीच बिघडलं नाही. सर्टिफिकेट तेच होतं. फरक होता तो आधी लावलेल्या बोलीत. बोली लावली की जे आपलं होतं ते काम होऊन बसतं, आणि कामाचे पैसे थांबले की काम कोण करतं.

चाकं नसलेली एक एसटी मी ठेवून दिलीय.

माझी मावशी माढ्याकडे अंगणवाडीत होती, आता रिटायर झाली. सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे. खोलीत शेंगदाण्याच्या उसळीचा वास, कोपऱ्यात पाट्या, चाळीस-एक पोरं. मावशी कुणाला हुशार म्हणत नसे, छान म्हणतानाही मी फारसं ऐकलं नाही. ती फक्त जे दिसलं ते बोलायची. "आगं, कावळ्याला डोळा काढलास की." "तुझ्या माळेत लाल मणी एकाआड एक आलेत बघ." मला त्या वयात ते कोरडं वाटायचं, मला वाटायचं ही नीट कौतुक का करत नाही. पण ते पोर खाली वाकून आपल्याच कावळ्याकडे परत बघायचं, आणि पुढच्या कावळ्याला डोळा असायचाच, वर पायही यायचे. मागच्या दिवाळीत मी तिला विचारलं, तुला हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं का. ती म्हणाली, ट्रेनिंगमध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचं सगळं सांगितलं होतं, पण हे आपलं असंच, चाळीस पोरांना बक्षीस कुठून आणणार, बघितलं म्हणून सांगणं तेवढं फुकट होतं.

बघितलं म्हणून सांगणं. मी त्या वहीत नेमकं तेच केलं नव्हतं, मी बघितलंच नव्हतं. लाल पेन हातात असलं की डोळा फक्त चुकीवर जातो, बरोबर असलेलं सगळं पांढऱ्या कागदासारखं होऊन जातं. आणि हे मी एकटीच करते असं नाही, आमच्याकडे सगळ्यांच्या प्रेमाची भाषाच ती आहे, अठ्ठ्याण्णव पडले तर दोन कुठे गेले हे विचारणारे अण्णा माझ्यावर जीव टाकायचे. उलट दुसरीकडे आता माझ्या मैत्रिणींच्या घरी पोराने ग्लास उचलून ठेवला तरी वॉव, सुपर, चॅम्पियन चाललेलं असतं, आणि ती पोरं ते ऐकतही नाहीत, कारण ज्यूस येणारच आहे हे त्यांना माहितीये. या दोन्हींच्या मधे कुठे उभं राहायचं ते मला रोज जमतं असं नाही. ऑफिसचा दिवस वाईट गेलेला असला की लाल गोल आपोआप मोठा होतो.

रात्री ती वही बघितली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याला शेजारी बसवलं, ती दोन्ही पानं उघडली आणि म्हटलं, काल तू विचारलं होतंस ना, बरोबर कुठलं. बघ, रि काल सुधारलीस, ही बरोबर. ती सुधारलीस, ही बरोबर. प्रत्येकीखाली पेन्सिलने एक बारीक टिक केली. स्थि राहिली. तो म्हणाला, "मग स्थि पहिली?" मी म्हटलं हो. तेवढंच. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, नुसता 'हं' केला आणि पुढचा शब्द सांग म्हणाला. मला वाटलं होतं त्याचा चेहरा फुलेल वगैरे, तसं काही झालं नाही. त्यानंतर शुद्धलेखन चालू राहिलं, कधी सहा बरोबर, कधी चार, मधे गणपती आले, मग परीक्षा आली, आणि ते मागे पडत गेलं.

गेल्या आठवड्यात रद्दी काढायला म्हणून त्याचं कपाट आवरत होते. ती वही सापडली, अर्धी कोरी, टाकावी की ठेवावी म्हणून चाळली. शेवटच्या पानावर, उलट्या बाजूने, मी न दिलेलं काहीतरी लिहिलेलं होतं. परिस्थिती, परिस्थिती, परिस्थीती, परिस्थिती. खाली एक एसटी, खिडकीत डोकी, पाटीवर नाशिक-बार्शी. आणि प्रत्येक शब्दाच्या वेलांट्यांखाली पेन्सिलच्या बारीक टिका, तीन, तीन, दोन, तीन.